कायमचा पत्ता

बारावीच्या वर्षी मी पाच राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांचे फॉर्म भरले आणि पाचही ठिकाणी ‘इतर राज्य’ या चौकोनात खूण केली. ती खूण करताना मला जो आनंद व्हायचा तो आता लपवण्यात अर्थ नाही. आंबिवली स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात, तापलेल्या कॉम्प्युटरसमोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून मी स्वतःला परराज्यातली करून टाकायचे आणि घरी येताना त्या खुशीत एक वडापाव खायचे.

मला वनशास्त्र शिकायचं होतं. नववीत असताना शाळेनं आम्हाला मागच्या टेकडीवर रोपं लावायला नेलेलं. बाकीच्यांची रोपं वाळली, शेळ्यांनी खाल्ली, माझं करंज जगलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात ते शिरलं. बाबांचं म्हणणं सरळ होतं, की वनशास्त्र दापोलीलाही आहे. दापोलीला आहे आणि उत्तम आहे, हे मला मान्यच होतं. पण दापोलीत बाबांची चुलत बहीण होती, तिचे दोन दीर होते, आणि मला तिथे शिंक आली असती तरी वर्तकनगरच्या आत्यानं संध्याकाळच्या आत फोन करून काढा सांगितला असता. मला अशा ठिकाणी जायचं होतं जिथे माझ्या शिंकेची बातमी होणार नाही. शिवाय देवदार मी फक्त पुस्तकात पाहिला होता, तो डोळ्यांनी बघायचा होता. म्हणून पाचही विद्यापीठं मी लांबची निवडली आणि त्यातलं सगळ्यात लांबचं, हिमालयातलं, मला सगळ्यात हवं होतं.

नेमकं तिथेच नाव लागलं. इतर राज्यांतल्या मुलांसाठी चार जागा होत्या आणि यादीत चौथं नाव माझं होतं. आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबा यादी मोबाईलवर मोठी करून करून बघत राहिले, जणू पाचवं नावही आमचंच निघेल. मी नाचले. मला नाचता येत नाही, तरी नाचले.

यादीच्या खाली एक ओळ होती ती दुसऱ्या दिवशी सकाळी वाचली. इतर राज्यातल्या उमेदवारानं आपल्या राज्याचा अधिवास दाखला, म्हणजे डोमिसाईल, दहा दिवसांत जोडायचा. नाही जोडला तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला. बाबा म्हणाले, एवढंच ना, आपण महाराष्ट्रातले आहोत हे काय कुणाला सांगायला हवं? आणि आम्ही दोघं रिक्षानं कल्याणला सेतू कार्यालयात गेलो.

तिथे खिडकीपलीकडे एक शांत बाई होत्या. त्यांनी माझा जन्मदाखला बघितला आणि विचारलं, ही गोव्याची का? झालं होतं असं, की आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात आणि आईचं माहेर पेडण्याला. त्यामुळे मी जन्मले गोव्यात, तीन महिन्यांची होऊन पाळण्यासकट आंबिवलीला आले, आणि कागदावर मात्र दुसऱ्या राज्यातली राहिले. हरकत नाही, बाई म्हणाल्या, जन्म बाहेरचा असेल तर पंधरा वर्षं इथे राहिल्याचा पुरावा द्या. रेशनकार्ड द्या. बाबांनी दिलं. बाईंनी ते वाचलं आणि मान वर केली. रेशनकार्ड कुडाळचं होतं.

इथे मला माझ्या बाबांबद्दल सांगितलं पाहिजे. बाबा कुडाळजवळच्या गावातून विसाव्या वर्षी डोंबिवलीच्या एमआयडीसीत नोकरीला आले. त्यांना कुणी विचारलं, कुठले तुम्ही, तर उत्तर यायचं कुडाळ. राहता कुठे, असं मुद्दाम विचारलं तरच आंबिवली. फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’ असं जिथे जिथे छापलेलं असे तिथे बाबा मु.पो.पासून पिनकोडपर्यंत गावचा पत्ता लिहायचे, एकटाकी, न थांबता. रेशनकार्ड गावचं, त्यावर तिथे काका साखर उचलत. मतदान गावचं, त्यासाठी रजा काढून जायचे. माझं आधारकार्डसुद्धा गावच्या पत्त्यावर, कारण ते मे महिन्यात गावी काढलं. आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांत हेच होतं. सगळे वीस-वीस वर्षं आंबिवलीला राहत होते आणि कागदावर आंबिवलीत जवळजवळ कुणीच राहत नव्हतं.

सेतूतल्या बाई म्हणाल्या, मग कुडाळहून काढा. बाबांनी तिथूनच काकांना फोन लावला. काका दुसऱ्या दिवशी तिथल्या तलाठ्यांकडे गेले. तलाठ्यांनी विचारलं, मुलगी इथे कधी राहिली? काका म्हणाले, मे महिन्यात येते. आमच्या घराण्यात कुणाला वेळेवर खोटं बोलता येत नाही, ही आमची जुनी अडचण आहे. पेडण्याच्या मामानं तर सुचवलं की जन्म गोव्याचा आहे तर गोव्याची म्हणूनच जा. पण तिथेही राहिल्याचा पुरावा लागतोच. म्हणजे मी जन्मले एकीकडे, कागद दुसरीकडे आणि वाढले तिसरीकडे. पाच ठिकाणी हौसेनं ‘इतर राज्य’ लिहून झालं होतं आणि आता माझं स्वतःचं राज्य कुठलं हेच सिद्ध होईना.

मी घरी येऊन बाबांवर खूप चिडले. माझा राग त्यांच्यावरच गेलाय, चटकन पेटतो. मी म्हटलं, तुमच्या त्या कुडाळपायी माझी सीट जाणार. बाबा पंख्याकडे बघत बसले. मग आईनं, जी घरात शिकवण्या घेते आणि कुणाचंही गणित सोडवल्याशिवाय उठत नाही, कागद काढून हिशेब मांडला. शाळेचा दाखला पहिलीपासूनचा, म्हणजे बारा वर्षं झाली. कमी पडत होती तीन. बालवाडी बंद पडून तिथे मोबाईलचं दुकान झालेलं. लसीचं कार्ड एका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलं, आणि ती साफसफाई कुणी केली होती हा विषय आईनं काढू दिला नाही. राहता राहिला एकच रस्ता. सेतूतल्या बाईंनी सांगितलेलं, की आंबिवली गावातला जुना माहीतगार माणूस इथल्या तलाठ्यांसमोर उभा राहून जबाब देत असेल तर तलाठी चौकशी करून रहिवासी दाखला देऊ शकतात.

जुना माहीतगार माणूस म्हणजे काकी. आणि काकींशी बाबांचं बोलणं बंद होतं.

काकी म्हणजे नात्यातल्या नव्हेत, आमच्या आधीच्या घरमालकीण. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. त्यांच्या सासऱ्यांची भाताची शेती होती, तिच्यावर आता त्यांच्या तीन इमारती आहेत. पहिल्या इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही मी दहावी होईपर्यंत राहिलो. पुढचं अंगण म्हणजे पूर्वीचं खळं. आता तिथे स्कूटर लावतात, पण सगळे त्याला अजून खळंच म्हणतात. भाडेपावती वगैरे काकींनी कधी दिली नाही, त्यांचा सगळा कारभार तोंडी. मी त्यांना अगं-तुगं करायचे, कारण त्यांच्या नातवंडांबरोबर तेच शिकले. आईला ते आवडायचं नाही. त्यांच्या बोलण्यात माणसांच्या दोनच जाती होत्या, इकरची, म्हणजे इथली, आणि भायेरची. आम्ही भायेरची. पोस्टमन भायेरचा, डॉक्टर भायेरचा, समोरच्या टॉवरमधली चारशे माणसं एकजात भायेरची. त्यात राग नसायचा. कुणी उंच असतं, कुणी बुटकं असतं, तसं त्या म्हणायच्या.

पण एका होळीला ते बाबांना लागलं. गावच्या होळीचा खांब उभा करताना बाबा हौसेनं हात लावायला पुढे गेले, तर काकींच्या दिरानं त्यांना थांबवलं, की खांबाला गावच्या माणसाचाच हात लागतो. काकी तिथेच होत्या, त्यांनीही तेच म्हटलं. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, आम्ही काही कायमचे राहायला आलेलो नाही इथे, आमचं गाव आहे आम्हाला. काकी म्हणाल्या, मग जा की. दोन महिन्यांत आम्ही गेलो. कुठे? तर रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत. बाल्कनीतून काकींचं खळं दिसायचं आणि बाबा बाल्कनीत उभे राहायचे ते पाठ करून.

मी गेले एकटीच. काकी खळ्याच्या कडेला बसून सुकट निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि सवयीनं निवडायला लागले. सगळं सांगितलं, देवदारापासून सेतूपर्यंत. त्यांनी विचारलं, तिथे भात मिळतो का? मी म्हटलं, मिळत असेल. मग त्या पुन्हा सुकट निवडायला लागल्या. मला वाटलं आता नाही म्हणणार. त्या नाही म्हणाल्या असत्या तर पुढे कुठलंच दार नव्हतं.

“तुझे बापाला सांग,” त्या म्हणाल्या, “सोता येऊन बोल मना.”

मी घरी येऊन निरोप सांगितला. बाबांनी शर्ट बदलला. आमच्या घरात बाबा शर्ट बदलतात तेव्हा काहीतरी गंभीर असतं. मी आणि आई बाल्कनीतून बघत होतो. बाबा रस्ता ओलांडून खळ्यात गेले, काकींसमोर उभे राहिले, काय बोलले ते ऐकू आलं नाही. काकींनी बसायला पाट दिला नाही, पण सुपाकडे बोट दाखवलं. बाबा मांडी घालून बसले आणि सुकट निवडायला लागले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा हाताला वास होता आणि चेहरा एकदम हलका झालेला. काय झालं विचारलं तर म्हणाले, उद्या अकरा वाजता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काकी तलाठी कार्यालयात हजर होत्या, हिरव्या लुगड्यात, आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. तलाठी तरुण होते, नव्यानं बदलून आलेले, सभ्य. काकींनी त्यांच्या टेबलावर टॉवेल उलगडला. आत भिंतीवरून उतरवलेला एक फोटो होता, फ्रेमसकट, खिळ्याच्या दोऱ्यासकट. नवरात्रात अष्टमीला काकी नऊ कुमारिका बसवून पुजायच्या. फोटोत त्या नऊ जणी पाटावर बसल्या होत्या आणि सगळ्यात शेवटच्या पाटावर, जेमतेम तीन वर्षांची, कुंकवानं बरबटलेली, पुरी तोंडात कोंबलेली मी. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत कॅमेऱ्यानं तारीख टाकली होती. काकींना ती तारीख वाचता येत नव्हती, पण ती तिथे आहे आणि कामाची आहे हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

तलाठ्यांनी फोटो हातात घेऊन नीट बघितला. म्हणाले, आजी, छान आहे, पण फोटो पुरावा म्हणून नाही लावता येत मला, तुमचा जबाब मात्र चालेल. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि बाबांना पहिला प्रश्न विचारला.

“गाव कोणतं तुमचं?”

“कुडाळ,” बाबा म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. सगळी रात्र आम्ही त्यांना पढवलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय, प्रश्न आला की उत्तर आपोआप बाहेर. तलाठ्यांचं पेन थांबलं. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते काहीतरी सावरायला बघत होते. तेवढ्यात काकींनी कपाळावर हात मारला आणि खुर्चीवरून पुढे वाकल्या.

“साहेब, त्याला नका इचारू. त्याचं मन कुडालान ठेवलंय. ही पोर माझे घरान रांगली, माझे खल्यान चालाला लागली. ही इकरचीच हाय. लिवा.”

तलाठ्यांनी लिहिलं. लिहिताना हसत होते, पण लिहिलं. मी काकींकडे बघत राहिले. जन्मापासून मी त्यांच्या तोंडून आमच्यासाठी एकच शब्द ऐकला होता, आणि आज त्यांनी सरकारी कागदावर त्याच्या बरोबर उलटा शब्द घातला होता. मला रडू आलं. मी रडले तिथेच, तलाठ्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. काकींनी अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि बाबांना म्हणाल्या, की आता तुझं काय ते तू लिही. बाबांनी खाली सही केली. सहीखाली राहण्याचं ठिकाण लिहायचं होतं, तिथे त्यांनी आंबिवली लिहिलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाकीचे कागद भराभर पुढे सरकले. रहिवासी दाखला जोडला, शाळेचा दाखला जोडला, प्रतिज्ञापत्र केलं, आणि सेतूतल्या त्या शांत बाईंनी सगळं तपासून म्हटलं, आता कसं हिला घर मिळालं. डोमिसाईल आठव्या दिवशी दुपारी मोबाईलवर आलं. मी ते चढवलं झेरॉक्सच्या त्याच दुकानातून, त्याच स्टुलावर बसून. दुकानदारानं दोन रंगीत प्रती काढून दिल्या, घरच्या भिंतीसाठी म्हणाला. त्या दिवशी वडापाव मी सगळ्यांसाठी नेले, काकींसाठी पण. त्यांनी पाव बाजूला काढला, वडा खाल्ला आणि विचारलं की तिकडे थंडी किती असते. मी सांगितलं, बर्फ पडतो. त्या म्हणाल्या, मग सुकट टिकेल.

आणि खरंच दिली. निघायच्या दिवशी तीन थरांच्या पिशवीत बांधून दिली, तरी दोन दिवसांच्या गाडीत सगळ्या डब्याला कळलं की आम्ही कुठले. आत्या वर्तकनगरहून काढ्याचं सामान घेऊन आलीच होती. आई नवीन स्वेटरची घडी तिसऱ्यांदा घालत होती. बाबा मला सोडायला येणार होते.

हिमालयातलं ते विद्यापीठ उतारावर वसलेलं होतं. एका इमारतीतून दुसरीत जायचं तर शंभर पायऱ्या. आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना देवदार. मी पहिल्या देवदाराला हात लावला, मग दुसऱ्याला, मग बाबांनी हाक मारली की फॉर्म भरायचाय, झाडं कुठे पळून जात नाहीत.

हॉस्टेलच्या कार्यालयात पालकांनी भरायचा फॉर्म होता. बाबांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. नाव लिहिलं, व्यवसाय लिहिला, फोन लिहिला. मी शेजारी उभी राहून बघत होते. पुढचा रकाना होता कायमच्या पत्त्याचा. बाबांचा हात तिथे जरासा थांबला. मला माहीत होतं तो हात काय लिहिणार, मी तो पत्ता त्यांच्या अक्षरात शंभर वेळा पाहिलेला. मी काही बोलणार नव्हते. माझी सीट पक्की झाली होती, आता त्यांनी कुठलंही गाव लिहिलं असतं तरी मला चाललं असतं.

बाबांनी मोठ्या, सुट्या अक्षरांत आमच्या इमारतीचं नाव लिहिलं. त्यापुढे लिहिलं, काकींच्या खळ्यासमोर. हा काही पत्त्यात लिहायचा मजकूर नव्हता, पण त्यांनी लिहिला. मग आंबिवली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे. लिहून झालं आणि पेन परत थांबलं. त्यांनी वर बघितलं, थोडे ओशाळलेले, आणि हळू आवाजात मला विचारलं,

“अगं, आपला पिनकोड काय?”